कोयत्याने कापलेल्या बोटाची जखम भरली, पण बोट वाकत नाही. मुलाला पुन्हा रुग्णालयात न्यावे का?

प्रश्न : प्राथमिक शिक्षक, वाळवा तालुका

नमस्कार. मी सांगली जिल्ह्यातील वाळवा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. दिवाळीनंतर बीड जिल्ह्यातून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या आमच्या शिवारात उतरतात आणि त्यांची मुले हंगामापुरती आमच्या वर्गात बसतात. त्यांतील तिसरीतल्या एका मुलाविषयी मला तातडीने सल्ला हवा आहे.

गेल्या आठवड्यात सुट्टीच्या दिवशी तो आई-वडिलांबरोबर फडात गेला होता. त्याच्या धाकट्या बहिणीने बांधावर ठेवलेला कोयता उचलला. तो तिच्या हातून काढून घेण्यासाठी याने पाते उजव्या हाताच्या मुठीत धरले आणि तिने कोयत्याची मूठ मागे ओढली. तर्जनी आणि मधले बोट तळव्याच्या बाजूने कापले गेले. वडिलांनी फडके गुंडाळून त्याला जवळच्या एका खासगी दवाखान्यात नेले. तिथे टाके घालून, इंजेक्शन देऊन, गोळ्या लिहून घरी पाठवण्यात आले. जखम आता कोरडी आहे, पू नाही, ताप नाही, त्यामुळे घरचे निर्धास्त आहेत.

काल त्याने वर्गात पेन्सिल धरली तेव्हा मला निराळेच दिसले. बाकीची बोटे पेन्सिलीभोवती वळतात, मधले बोट मात्र पुढे सरळ राहते. त्या बोटाचे टोक वाकवायला सांगितले तर त्याला वाकवता येत नाही, मधला सांधा थोडा वाकतो. शिवाय त्या बोटाची एक कड 'मुकी' झाली आहे असे तो स्वतःहून म्हणाला. टाके घालणाऱ्या डॉक्टरांनी सूज उतरल्यावर बोट सुटेल असे सांगितले होते, असे वडील म्हणतात. दरम्यान इथला फड संपत आला असून टोळी चार-पाच दिवसांत दुसऱ्या गावाला हलणार आहे, आणि मुकादमाच्या मते एवढ्याशा जखमेसाठी कोयता (म्हणजे ऊस तोडणारी नवरा-बायकोची जोडी) मोडण्याचे कारण नाही.

खरोखर थांबून पाहावे का? न्यायचे असेल तर कोणत्या डॉक्टरांकडे, आणि हातात किती दिवस आहेत? आमच्या शाळेत अशी सव्वीस मुले आहेत, म्हणून अशा वेळी पहिल्या तासात काय करायला हवे, तेही कृपया कोणी नीट समजावून सांगावे.

प्रतिसाद : शल्यचिकित्सक

गुरुजी, थांबू नका. तुम्ही केलेल्या वर्णनावरून मधल्या बोटाचे टोक वाकवणारे खोल टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) तुटलेले असण्याची दाट शक्यता आहे, आणि एक कड मुकी झाली असेल तर त्या बाजूची संवेदना नेणारी बारीक नसही कापली गेली असावी. सूज उतरल्यावर सांध्याची हालचाल वाढते हे खरे. पण तुटलेल्या टेंडनची दोन टोके आपोआप एकमेकांना येऊन मिळत नाहीत.

प्रत्येक बोटात तळव्याच्या बाजूने दोन टेंडन जातात. वरचे मधला सांधा वाकवते आणि खोलचे पुढे जाऊन बोटाचे टोक वाकवते. त्यामुळे खोलचे तुटले तरी मधला सांधा वाकतो आणि 'बोट हलते आहे' असे वाटून जखम नुसती त्वचेपुरती शिवली जाते. या मुलाने पाते मुठीत, म्हणजे बोटे वाकलेली असताना धरले होते, ही माहिती फार महत्त्वाची आहे. अशा वेळी टेंडन कापले जाते त्या क्षणी ते जिथे असते, तिथे बोट सरळ केल्यावर राहत नाही. तुटलेले टोक त्वचेवरच्या जखमेपासून सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर पुढे गेलेले असते आणि मनगटाकडचे टोक स्नायू मागे ओढून घेतो, म्हणून जखमेत डोकावून पाहणाऱ्यालाही सगळे धडधाकट दिसू शकते. दवाखान्यातल्या डॉक्टरांना दोष देण्याआधी हे लक्षात घ्यावे, असे मला वाटते. रडणाऱ्या, घाबरलेल्या आठ वर्षांच्या मुलाला 'हे बोट वाकव, ते वाकव' म्हणून तपासणे अनुभवी माणसालाही जड जाते.

म्हणूनच मुलांच्या बाबतीत आम्ही सांगण्यापेक्षा पाहण्यावर भर देतो. मुलाला हात मांडीवर उताणा आणि सैल ठेवू द्या. निरोगी हाताची बोटे आपोआप थोडी वळलेली असतात आणि तर्जनीपासून करंगळीकडे हे वळण वाढत जाते. त्या ओळीत एखादेच बोट सरळ पडले असेल, तर तिथे टेंडन तुटले आहे असे धरून चालावे. मग त्याचे मनगट हलकेच मागे वळवा, बोटे स्वतःहून आत यायला हवीत. जे येत नाही ते बोट दुखावलेले. नसेसाठीही एक साधी खूण आहे, पण ती जखम पूर्ण भरलेली असेल तरच पाहावी : हात काही वेळ कोमट पाण्यात बुडवून ठेवला की बोटांच्या त्वचेला सुरकुत्या पडतात, पण नस तुटलेल्या भागावर त्या पडत नाहीत. यातले काहीही आढळले नाही तरी तुम्ही सांगितलेल्या एका गोष्टीवरून, टोक वाकत नाही एवढ्यावरून, मुलाला आजच न्यायला हवे.

वेळेविषयी सांगायचे तर साधारण पहिल्या एक-दोन आठवड्यांत टेंडनची टोके एकमेकांना सरळ शिवता येतात. जितका उशीर होईल तितका स्नायू आखडतो, ज्या बोगद्यातून टेंडन सरकते तो आक्रसतो आणि मग शरीरातल्या दुसऱ्या ठिकाणचे टेंडन काढून, काही वेळा दोन टप्प्यांत शस्त्रक्रिया करावी लागते. एक आठवडा उलटून गेला आहे, हातात फार वेळ नाही. प्लास्टिक सर्जन किंवा हाताच्या शस्त्रक्रिया करणारे अस्थिरोगतज्ज्ञ यांच्याकडे न्या. वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेल्या शासकीय रुग्णालयात हे दोन्ही विभाग बहुधा असतात, आणि मिरज व कोल्हापूर तुम्हाला जवळ आहेत. मुलाला पूर्ण भूल द्यावी लागेल, तेव्हा निघताना त्याने शेवटचे कधी आणि काय खाल्ले हे लिहून घ्या.

प्रतिसाद : आरोग्यसेविका, बीड जिल्हा

डॉक्टरांनी बोटाचे सांगितले, मी धनुर्वाताचे आणि पहिल्या तासाचे सांगते. कारण ही मुले आमच्या उपकेंद्रांच्या गावांतून तिकडे जातात.

दवाखान्यात दिलेले इंजेक्शन कशाचे होते ते चिठ्ठीवर पाहा. बाळाला सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात पेंटाव्हॅलंट, मग सोळा ते चोवीस महिन्यांत डीपीटीचा (या दोन्ही लशींत धनुर्वाताची लस असते) पहिला बूस्टर आणि पाच ते सहा वर्षांत दुसरा, असे वेळापत्रक आहे. टोळीबरोबर जाणाऱ्या मुलांचा पाच वर्षांचा बूस्टर हमखास चुकतो, कारण शाळेत लसीकरण होते तेव्हा ती फडावर असतात, आणि लसीकरणाचे कार्ड गावाकडच्या पेटीत राहते. फडातली जखम माती आणि बैलांच्या शेणाने माखलेली असते. अशा मळलेल्या जखमेत शेवटच्या डोसला पाच वर्षांहून अधिक काळ झाला असेल तर बूस्टर द्यावा लागतो, आणि आधीचे तीन डोस पूर्ण झाल्याची खात्री नसेल तर लशीबरोबर धनुर्वाताचे इम्युनोग्लोब्युलिनही (तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन) द्यावे लागते. धनुर्वाताची लक्षणे जखमेनंतर तीन दिवसांपासून तीन आठवड्यांपर्यंत केव्हाही दिसू शकतात, म्हणून आठवडा सुखरूप गेला यावर विसंबू नये. गावच्या आशाताईंना फोन केलात तर नोंदवहीतून आधीचे डोस कळतील.

आता पहिल्या तासाविषयी. फडावर जखम झाली की हाताशी येईल ते भरतात : दगडी पाला चुरडून, तंबाखू, चुना, हळद, नाहीतर चूलीतली राख. यामागे माया असते, पण टाके घालण्यापूर्वी हे सगळे खरवडून काढावे लागते आणि मुलाला दुप्पट यातना होतात. पिण्याच्या स्वच्छ पाण्याने जखम भरपूर धुवावी, धुतलेले फडके घडी करून जखमेवर ठेवावे आणि हात छातीच्या वर उचलून तळहाताने दहा मिनिटे न सोडता दाबून धरावे. 'थांबले का' म्हणून दर मिनिटाला फडके उचलून पाहिले की धरलेली गाठ सुटते आणि रक्त पुन्हा वाहू लागते. फडके भिजले तर त्यावरच दुसरे ठेवावे. बोटाच्या बुडाशी सुतळी किंवा रबर आवळून बांधू नये. दवाखाना गाठेपर्यंत ती तशीच राहिली तर बोट काळे पडते. मनगटातला दोरा, कडे, अंगठी सूज येण्याआधी काढून घ्यावी. आणि काचेचा तुकडा, खिळा, उसाचा बुडखा असे काही आत रुतले असेल तर ते उपसू नये, त्याच्या दोन्ही बाजूंनी फडक्याच्या घड्या ठेवून तसेच न्यावे.

बोट तुटून वेगळे झाले असेल तर ते फेकू नये आणि थेट बर्फातही टाकू नये, बर्फाने मांस जळते. पाण्याने हलके धुऊन, स्वच्छ ओल्या फडक्यात गुंडाळून, प्लास्टिकच्या पिशवीत घालून पिशवीचे तोंड घट्ट बांधावे आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवावी. फडाजवळच्या रस्त्यावर रसवंती असतेच, तिथे बर्फ मिळतो. असे थंड ठेवलेले बोट बऱ्याच तासांनंतरही जोडता येते. मनगटापासून तुटलेल्या हाताला मात्र तेवढी सवड नसते. 108 क्रमांकाची रुग्णवाहिका राज्यात 2014 पासून आहे, बोलावताना गट क्रमांक न सांगता जवळचे देऊळ, पाण्याची टाकी किंवा कारखान्याचा काटा अशी खूण सांगावी.

प्रतिसाद : एक वाचक, सातारा

सर्व माहिती उपयुक्त आहे, परंतु मूळ प्रश्न बाजूला राहतो आहे. लहान मुलांच्या हाती कोयता लागतोच कसा? आई-वडिलांनी एवढी काळजी घेऊ नये का? चौदा वर्षांखालील मुलांना कामाला लावण्यास कायद्याने बंदी असताना शिक्षकांनी याची तक्रार करायला हवी होती.

प्रतिसाद : ऊसतोड कुटुंबातला, आता प्राध्यापक

आपला प्रश्न रास्त आहे, म्हणूनच त्याचे उत्तर नीट द्यावेसे वाटते. माझे लहानपण कोपीत (फडाजवळच्या पाचटाच्या झोपडीत) गेले आहे आणि माझ्या आई-वडिलांइतके मुलांना जपणारे लोक मी थोडेच पाहिले आहेत.

नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो आणि हंगामाआधी घेतलेली उचल त्या कोयत्याच्या नावावर असते. मजुरी टनावर मिळते. पहाटे अंधारात फड गाठायचा, ऊस बुडापासून तोडायचा, पाचट सोलायचे, शेंडा छाटायचा, मोळी बांधायची आणि ट्रक आला की रात्रीसुद्धा भरायचा. दोघेही फडात असताना चार वर्षांचे मूल कोपीत एकटे ठेवायचे की नजरेसमोर बांधावर, एवढेच त्यांच्या हाती असते. कोपीला दार नसते, कपाट नसते, खुंटी नसते. संध्याकाळी कानशीने धार लावलेला कोयता पाचटाच्या भिंतीत खोचतात आणि तो नेमका मुलाच्या खांद्याच्या उंचीवर येतो. दिवसा फडात ऊस बांधायला दोन्ही हात लागतात, तेव्हा कोयता जिथे उभे असू तिथेच खाली पडतो. या मुलाने तर बहिणीला वाचवण्यासाठी पाते धरले, त्याला कोणी कामाला लावले नव्हते.

आणि मूल रुग्णालयात दाखल झाले की काय होते, तेही सांगतो. आई मुलापाशी राहते, फडात अर्धा कोयता उरतो, आणि गैरहजेरीचा खाडा उचलीत चढतो. हे ठाऊक असल्यामुळेच पालक 'जखम सुकली, बरे झाले' यावर विश्वास ठेवायला तयार असतात. तेव्हा गुरुजी, तुम्ही वडिलांबरोबरच मुकादमाशीही बोला, आणि शक्य असेल तर कारखान्याच्या शेती खात्याच्या अधिकाऱ्यांना मध्ये घ्या, कारण टोळी कुठल्या फडावर जाणार हे तिथून ठरते. त्याच भागातला दुसरा फड मिळाला तर मुलाला तपासणीला नेणे सोपे होईल.

तक्रारीपेक्षा मला जे उपयोगी वाटते ते असे : टोळी निघण्याआधी गावातच मुलांची सोय. हंगामी वसतिगृहे आहेत, संत भगवानबाबा यांच्या नावाने सुरू झालेली शासकीय वसतिगृहे आहेत. पण ती मोठ्या, शाळेत जाणाऱ्या मुलांसाठी. तीन-चार वर्षांची बहीण त्यांत बसत नाही, ती फडावर येतेच. तिच्यासाठी फडाशेजारी पाळणाघर हवे, आणि ते चालवायला टोळीतल्याच एखाद्या वयस्क बाईला मजुरी देणे कारखान्याला अवघड नाही. तोवर निदान कोपीच्या आढ्याला, मोठ्या माणसाच्या डोक्याच्या वर, पत्र्याचा एक डबा आडवा बांधून कोयते त्यात ठेवण्याची सवय लावता येते. आमच्या टोळीत एका म्हाताऱ्याने हे करून घेतले होते आणि तो रोज रात्री स्वतः मोजून कोयते आत घालायचा.

प्रतिसाद : प्राथमिक शिक्षक, वाळवा तालुका

सर्वांचे मनापासून आभार. मुलाला शासकीय रुग्णालयात दाखल केले आहे. शल्यचिकित्सकांचा अंदाज बरोबर ठरला : मधल्या बोटाचे खोल टेंडन आणि एका बाजूची नस तुटली होती, तर्जनीला केवळ त्वचेची जखम होती. काल शस्त्रक्रिया झाली. दोन्ही टोके सरळ जोडता आली, असे डॉक्टरांनी सांगितले.

इतरांच्या उपयोगासाठी दोन गोष्टी नोंदवतो. 'पोलीस केस होईल आणि आधी जबाब घेतील' या भीतीने वडील मोठ्या रुग्णालयात यायला कचरत होते. तशी नोंद होत असली तरी तिच्यासाठी उपचार थांबवता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने 1989 साली परमानंद कटारा खटल्यात स्पष्ट केले आहे की जखमीवर तातडीचे उपचार आधी, कायदेशीर सोपस्कार नंतर. हे सांगितल्यावर ते निघाले. दुसरी गोष्ट खर्चाची. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची माहिती देण्यासाठी योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेले असतात. शिधापत्रिका गावाकडे होती, तिचे छायाचित्र आजीकडून फोनवर मागवून मी त्यांना दाखवले आणि पुढचे काम सुरू झाले. टोळीतल्या प्रत्येक कुटुंबाने शिधापत्रिका, आधार आणि लसीकरण कार्ड यांची छायाचित्रे फोनमध्ये ठेवावीत, यासाठी मी पालकांची बैठक घेणार आहे.

मुकादम सुरुवातीला अडून बसले होते. त्यांना मुलाचा हात धरून बोट दाखवले, तेव्हा ते गप्प झाले आणि आठवडाभराचा खाडा धरणार नाही असे सगळ्यांसमोर म्हणाले. टोळी मात्र जाणार आहे, आणि हंगाम संपला की कुटुंब गावाकडे परतेल. पुढे काय काळजी घ्यायची?

प्रतिसाद : हाताच्या व्यायामोपचार तज्ज्ञ

गुरुजी, शस्त्रक्रिया वेळेत झाली हे फार चांगले झाले. आता पुढचे तीन महिने तितकेच महत्त्वाचे आहेत, आणि फडावरून येणारी मुले नेमकी इथेच आमच्या हातून सुटतात.

मोठ्या माणसाला आम्ही थोड्या दिवसांतच बेताने बोटे हलवायला लावतो. लहान मूल ते बेताने करत नाही, म्हणून त्याला बहुधा कोपराच्या वरपर्यंत प्लास्टर घालून तीन ते चार आठवडे हात पूर्ण विसावलेला ठेवतात. हे प्लास्टर भिजू द्यायचे नाही आणि 'खाज सुटते' म्हणून कोणी काडी आत घालू द्यायची नाही. बोटांची टोके रोज पाहावीत. ती निळी किंवा गार पडली, किंवा दुखणे वाढत गेले, तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता दाखवावे.

प्लास्टर निघाल्यावर बोट ताठर वाटेल, आणि घरचे ते जोराने चोळतील, शेकतील, ओढून सरळ करतील. हे अजिबात होऊ देऊ नका, कारण जोडलेले टेंडन त्या दिवसांत कच्चे असते आणि ओढल्यास पुन्हा तुटते. आम्ही शिकवू ते व्यायाम आईला दाखवून, तिच्याकडून एकदा करवून घेऊन मगच घरी सोडावे, असा आग्रह रुग्णालयात धरा. पाण्याची कळशी, दप्तर, झाडावर लोंबकळणे, कबड्डी यांपासून साधारण बारा आठवडे त्याला दूर ठेवावे. तोवर वर्गात तोंडी परीक्षा घ्या, किंवा डाव्या हाताने रंगवू द्या.

मुकी कड लगेच जागी होणार नाही. नस दिवसाला सुमारे एक मिलिमीटर वाढते, त्यामुळे टोकापर्यंत जाणीव यायला काही महिने लागतील. लहान मुलांत मात्र ती मोठ्यांपेक्षा पुष्कळ चांगली परत येते. मध्यंतरी त्या बोटाला चटका बसला तरी त्याला कळणार नाही, हे आईला चुलीपाशीच समजावून सांगा.

गावाकडे परतल्यावर बीडच्या जिल्हा रुग्णालयातील भौतिकोपचार विभागात त्याला दाखवता येईल. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून उपचार निःशुल्क आहेत. मात्र तिथल्या माणसाला आत काय शिवले आहे हे दिसत नाही. म्हणून रुग्णालयातून घरी सोडताना मिळणाऱ्या कागदावर कोणते टेंडन, कोणती नस, शस्त्रक्रियेची तारीख आणि व्यायाम कधी सुरू करायचे, एवढे ठळक लिहून मागा. त्याची एक प्रत तुमच्याकडे ठेवा आणि एक त्याच्या गावच्या शाळेतील शिक्षकांना पाठवा.